जुहूचें न वसलेलें नगर

वैशाखांतील एखाद्या रविवारीं ऊन कलूं लागलें म्हणजे सांताक्रूझ, विलेपार्ले आणि अंधेरी या स्टेशनांतून बाहेर पडणाऱ्या गर्दीचा मोठा ओघ पश्चिमेकडे वळतो. आईचें बोट धरलेलीं मुलें, पदर सांवरीत चालणाऱ्या आजीबाई, सतरंजी काखोटीस मारलेले गृहस्थ, कॉलेजांतील विद्यार्थ्यांचे घोळके असा सारा जनसमुदाय जुहूच्या वाळूवर येऊन विसावतो. कोणी भेळेच्या गाड्याभोंवतीं उभे राहतात, कोणी शहाळें फोडून घेतात, कोणी घोड्यावर बसण्याचा हट्ट धरलेल्या मुलाची समजूत घालतात. आणि ज्यांना यांपैकीं कांहींच करावयाचें नसतें ते नुसते पाण्याकडे पाहत बसतात. हें दृश्य इतकें परिचयाचें आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. समुद्र अनादि, वाळू अनादि. तेव्हां समुद्रावर हवा खावयास जाण्याची रीतहि अनादिच असावी, असा साधारण समज असतो.

वस्तुस्थिति तशी नाहीं. साष्टीच्या या किनाऱ्यावर माणसें शतकानुशतकें राहत आलीं, त्यावर त्यांनीं पोटें भरलीं, त्याच्यासाठीं लढायाहि झाल्या. परंतु केवळ मन रमविण्याकरितां तेथें जाण्याची चाल अगदीं अलीकडची आहे. एवढेंच नव्हे, तर या किनाऱ्यावर विहारासाठीं एक स्वतंत्र नगर वसविण्याचा बेत एके काळीं खरोखरच आंखला गेला होता. तें नगर वसलें नाहीं. तें कोणीं योजिलें, कां वसलें नाहीं आणि त्याच्या जागीं काय उभें राहिलें, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

प्रथम भूमीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. ज्याला आज मुंबई उपनगर म्हणतात तो बहुतेक सर्व भाग म्हणजे पूर्वीचें साष्टी बेट. या बेटाला दोन तोंडें आहेत. मुलुंड, भांडुप, घाटकोपर हीं पूर्वेकडचीं गांवें ठाण्याच्या खाडीकडे तोंड करून वसलेलीं. तेथें चिखल, तिवरांचीं झाडें आणि मिठागरें, परंतु मोकळ्या समुद्राची लाट नाहीं आणि पाय रुतावा अशी वाळूहि नाहीं. पश्चिमेकडील वांद्रें, अंधेरी, मालाड, बोरिवली या गांवांपुढें मात्र अरबी समुद्र पसरलेला आहे. त्या बाजूनें दक्षिणेकडून उत्तरेस निघालें असतां प्रथम वांद्र्याची टेकडी पाण्यांत घुसलेली दिसते. तिच्या पलीकडे जुहूची लांबच लांब वाळू. वाळूच्या उत्तरेस वेसावें. वेसाव्यापुढें मालाडच्या खाडीचें मुख. आणि ती खाडी ओलांडली कीं मढचे खडक. मढच्या पुढें एरंगळ, आक्सा, मार्वे, मनोरी, गोराई अशा लहानमोठ्या पुळणी आणि त्यांच्यामधून समुद्रांत शिरलेलीं खडकाळ टोकें एकाआड एक येत जातात.

या खडकांची जात पाहण्यासारखी आहे. दख्खनचे बहुतेक डोंगर काळ्या दगडाचे. परंतु मालाड, मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यांत फिकट, पिवळसर रंगाचा ज्वालामुखी खडक आढळतो. मालाडच्या खाणींतून निघालेला हा पिवळट दगड मुंबईंतील अनेक सार्वजनिक इमारतींच्या भिंतींत बसलेला आहे; म्हणजे ज्या इमारतींकडे परगांवचा पाहुणा मान वर करून पाहतो, त्यांपैकीं कित्येकींचें मूळ या किनाऱ्याच्या शेजारीं आहे. अंधेरीस गिल्बर्ट हिल नांवाचा जो कडा आहे, तो याहून वेगळा. काळ्या दगडाचे उभे खांब एकत्र बांधून ठेवावे तसा तो दिसतो. त्याची उंची सुमारें दोनशें फूट असून वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरांत मानतात. त्याच्या माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे. या वृद्ध कड्याच्या मानानें जुहू म्हणजे कालचें पोर! समुद्रसपाटीपासून हात-दोन हात वर आलेला तो वाळूचा एक अरुंद दांडा. पूर्वीं तो साष्टीपासून अलगच होता. मधलें खाजण ओहोटीच्या वेळीं पायीं ओलांडून तेथें जावें लागे. पोर्तुगीज त्यास ‘जुवेम’ म्हणत.

या भूमीच्या जुन्या रहिवाशांना समुद्र हें शेत होतें. वेसाव्याचे कोळी डोल जाळीं घेऊन पाण्यांत जात. त्यांच्या बायका वलांडींवर बोंबील वाळवीत. जुहूचे भंडारी माडांचा व ताडांचा रस काढीत. आगरी मिठाचा व्यवहार करीत आणि कुणबी भाताचीं खाचरें राखीत. उधाण केव्हां आणि भांग केव्हां, हें कोळ्याला पंचांगांतील तिथीवरून समजे. त्याच्या संसाराचें वेळापत्रक चंद्रानें लिहिलेलें होतें. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहावयाचा तो पावसाळ्यांत खवळलेल्या दर्यानें आतां शांत व्हावें आणि होड्या सुखरूप परत याव्या म्हणून. ज्याच्यावर घर चालतें आणि ज्याच्या लहरीवर घरधन्याचें परत येणें अवलंबून आहे, त्याच्याकडे करमणूक म्हणून पाहण्याची कल्पनाच या लोकांना सुचण्यासारखी नव्हती. आंतल्या गांवच्या लोकांना समुद्रावर जावयाचें तें पर्वकाळीं स्नानासाठीं. स्नान आटोपलें कीं घरची वाट.

राजे लोकांच्या दृष्टीनें हाच किनारा म्हणजे तटबंदीची जागा. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें वसई व तिच्याबरोबर साष्टी हा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. मालाडच्या खाडीच्या मुखाशीं, मढच्या खडकावर त्यांनीं किल्ला बांधला. तोच वेसाव्याचा अथवा मढचा किल्ला. खाडींत शिरणारें प्रत्येक गलबत त्याच्या तोफेच्या टप्प्यांतून जावें, अशी ती जागा हेरलेली आहे. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि साष्टीचा ताबा पोर्तुगीजांच्या हातून सुटला. १७३९ मध्यें वेसाव्याचा हा किल्ला पडला आणि त्याच वर्षीं चिमाजीअप्पांनीं वसई सर केली. पुढें १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याबरोबर वेसावेंहि घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. अडीचशें वर्षांच्या या काळांत किनाऱ्याचा उल्लेख झाला तो शिबंदी, जकात आणि गलबतें यांच्या संबंधानें. ज्या कड्यावरून आज लोक सूर्यास्त पाहूं इच्छितात त्या कड्यावर उभा असलेला पहारेकरी शत्रूचें शीड पाहण्यासाठीं डोळे ताणीत होता.

तथापि या काळांतील एक गोष्ट पुढच्या इतिहासाची नांदी म्हणून सांगतां येईल. एरंगळच्या पुळणीवर संत बोनाव्हेंचर यांच्या नांवाचें सोळाव्या शतकांतील चर्च आहे. तें अगदीं वाळूच्या कडेला उभें आहे. त्याची जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं भरते आणि तिला ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणेंच आसपासचे हिंदू कोळीहि जातात. दर्शन, जेवण आणि दिवसभर वाळूवर मुक्काम, असा तिचा क्रम असतो. देवाच्या निमित्तानें कां होईना, सहकुटुंब समुद्रावर दिवस घालविण्याची ही या किनाऱ्यावरील जुनी रीत म्हणावयास हरकत नाहीं.

देवाचें निमित्त सोडून, केवळ समुद्रासाठीं समुद्रावर जाण्याची कल्पना मात्र दुसऱ्या मुलुखांत वाढली. तिची सुरुवात मौजेनें नव्हे, तर वैद्यकानें झाली. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टर रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्यानें समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण वर्णन करणारा ग्रंथ लिहिला. रोगी ब्रायटन या कोळ्यांच्या गांवीं जाऊं लागले. त्यांच्यामागून त्यांचे धडधाकट आप्तइष्ट गेले. पुढें राजपुत्रानें तेथें महाल बांधला आणि १८४१ मध्यें लंडनहून आगगाडी पोंचली. त्याबरोबर कारकून आणि कारागीरहि दिवसाच्या सहलीस तेथें येऊं लागले. कोळीवाडा, आरोग्यस्थान, धनिकांचे बंगले आणि शेवटीं आगगाडींतून आलेली सामान्य जनता, या चार पायऱ्या जगांतील पुष्कळ विहारस्थानांच्या इतिहासांत दिसतात. साष्टीच्या किनाऱ्यावरहि त्या दिसतात. फक्त एक पायरी येथें चुकली, आणि तीच महत्त्वाची आहे.

साष्टीची वाट मोकळी झाली ती एका बाईच्या दानानें. मुंबई व वांद्रें यांच्यामध्यें माहीमची खाडी होती आणि ती नावेंतून ओलांडावी लागे. पावसाळ्यांत हा प्रवास जिवावरचा असे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं दीड लाख रुपयांहून अधिक रक्कम दिली आणि १८४५ मध्यें खाडीवर रस्ता खुला झाला. या रस्त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्यांपासून कोणताहि कर घेऊं नये अशी त्यांची अट होती. साष्टीच्या समुद्राकडे जाणारी पहिली पक्की वाट अशा रीतीनें आरंभापासूनच फुकट होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस रेलगाडी सुरू झाली. सकाळीं एक गाडी मुंबईकडे जाई आणि सायंकाळीं एक परत येई. बोरिवली, पहाडी म्हणजे आजचें गोरेगांव, अंधेरी, वांद्रें अशीं मोजकीं ठिकाणें ती घेई. पुढें १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ आली. शहरांतील दाट वस्ती ही मृत्यूची जागा होय, हें त्या वर्षानें शिकविलें. आणि ज्यांना शक्य होतें त्यांची दृष्टि साष्टीच्या मोकळ्या हवेकडे वळली. वेसाव्याच्या वाटेवर श्रीमंतांचे बंगले उठले. सात बंगला आणि चार बंगला हीं वस्त्यांचीं नांवें त्या बंगल्यांच्या संख्येवरून पडलीं. बंगले बहुतेक गेले, संख्या तेवढी उरली.

या सुमाराचाच तो बेत. जमशेटजी टाटा यांचें नांव गिरणी, पोलाद आणि वीज यांच्याशीं जोडलेलें आहे. वाळूशीं जोडलेलें तें क्वचितच ऐकूं येतें. १८९० नंतरच्या दशकांत त्यांनीं जुहूस जमीन विकत घेऊन एक बंगला बांधला. परंतु त्यांची दृष्टि एका बंगल्यावर थांबणारी नव्हती. जुहूतारा येथील १२०० एकर जमीन विकसित करावयाची, तींत प्रत्येकीं एक एकराचे ५०० भूखंड पाडावयाचे आणि अखेर समुद्रकांठचें एक विहारनगर उभें करावयाचें, अशी त्यांची योजना होती. तेथपर्यंत सुखानें पोंचतां यावें म्हणून माहीमचा रस्ता सांताक्रूझपर्यंत वाढविण्याचाहि विचार तींत होता. त्याच माणसानें मुंबईच्या बंदरावर ताजमहाल हॉटेल बांधिलें आणि तें १९०३ च्या डिसेंबरांत उघडलें. तेव्हां जुहूची कल्पना म्हणजे हवेंतला मनोरा नव्हता. जें मनांत आणिलें तें दगडांत उतरविणाऱ्या पुरुषाची ती कल्पना होती. परंतु १९ मे १९०४ रोजीं जर्मनींतील नौहाइम या आरोग्यस्नानांसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवीं त्यांचें देहावसान झालें आणि जुहूची योजना त्यांच्याबरोबर संपली.

ती योजना पार पडली असती तर काय झालें असतें? आंखीव रस्ते, ओळीनें लावलेलीं झाडें, स्वच्छ हवा आणि नीटनेटका किनारा, हें सारें कदाचित् लाभलें असतें. मुंबईच्या बेशिस्त वाढीकडे पाहतां तें कांहीं थोडें नव्हे. परंतु एक एकराचा भूखंड घेऊन त्यावर बंगला बांधणारा मनुष्य कोणत्या ऐपतीचा असतो हें सांगावयास नको. पांचशें घरांच्या त्या नगरांत गिरणींतील कामगार, पेढीवरील कारकून किंवा शाळेंतील मास्तर पाहुणा म्हणून आला असता. घरचा म्हणून नव्हे. बेत आंखणाराचा हेतु उदार असूं शकतो, परंतु भूखंडाची सीमारेषा उदार नसते. चुकलेली पायरी ती हीच. ब्रायटनला जसा महाल होता, तसा जुहूला आपला संस्थापक मिळाला नाहीं. तें कोणाचेंच गांव झालें नाहीं, आणि म्हणूनच तें सर्वांचें होण्यास वाव राहिला.

या ठिकाणीं कायद्याचें एक कलम सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें भरतीच्या रेषेखालील समुद्राचा तळ ही सरकारी मालमत्ता ठरली. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, बंगल्याची भिंत किनाऱ्याकडे कितीहि सरकली, तरी भरतीचें पाणी जेथें पोंचतें तेथें तिचा हक्क संपतो. ओहोटीला मोकळी होणारी ओली वाळू कोणा एकाच्या नांवावर चढत नाहीं. लहान मुलें जेथें किल्ले करतात ती जागा ही अशी आहे. ती दिवसांतून दोनदां समुद्र पुसून काढतो आणि कायद्यानेंहि ती कोणास विकत दिलेली नाहीं.

धनिक जुहूस आले नाहींत असें नाहीं. परंतु त्यांच्या बंगल्यांनीं इतिहासांत नांव मिळविलें तें निराळ्याच कारणानें. १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून इस्पितळांत महात्मा गांधींवर शस्त्रक्रिया झाली, ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली आणि मार्चमध्यें ते विश्रांतीसाठीं जुहूस आले. नरोत्तम मोरारजी यांचा ‘पाम बन’ हा बंगला त्यांचें निवासस्थान झाला. समुद्राच्या हवेनें प्रकृति सुधारावी हा हेतु. म्हणजे ब्रायटनच्या वैद्याचाच उपचार! पण विश्रांति नांवापुरतीच होती. मोतीलाल नेहरू आणि देशबंधु दास हे कायदेमंडळांत शिरावें कीं शिरूं नये या वादासंबंधीं बोलण्यासाठीं तेथें आले. बोलणीं झालीं, एकमत झालें नाहीं, आणि मेमध्यें दोन्ही पक्षांनीं आपापलीं निवेदनें प्रसिद्ध केलीं. नेहरू कुटुंबानें त्या वेळीं समुद्राजवळच्या एका लहानशा घरांत मुक्काम केला होता. आपण त्या दिवसांत पोहलों, वाळूवर धांवलों, घोड्यावरून फिरलों, असें जवाहरलालजींनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. देशाच्या राजकारणाचा पेंच पडलेला असतांनाहि पायाखालच्या वाळूनें आपलें काम केलेंच!

पुढें १९३० मध्यें मिठाच्या सत्याग्रहाची छावणी विलेपार्ले येथें उभी राहिली. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला यांसारखी मंडळी तिच्या कामांत होती. या छावणीला सर्वांत जवळचा समुद्र जुहूचा. भरतीच्या रेषेखालचा तळ सरकारचा, हें कलम वर सांगितलेंच आहे. मीठहि सरकारचें, असें मिठाचा कायदा म्हणत होता. समुद्र कोणाचा, हा प्रश्न त्या वर्षीं चिमूटभर मिठाच्या रूपानें घरोघर पोंचला. १९३७ च्या डिसेंबरांत गांधीजी प्रकृतीसाठीं पुन्हां जुहूस राहिले. वाळूवर एक लहान मूल काठी धरून त्यांना पुढें ओढीत नेत आहे, हें प्रसिद्ध छायाचित्र त्या दिवसांतील आहे. १९४४ च्या मेमध्यें आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर ते तिसऱ्यानें तेथें आले. परंतु त्यापूर्वीं तीनच महिने कस्तुरबा त्या स्थानबद्धतेंत निवर्तल्या होत्या, आणि या वेळचा किनारा एकट्याचा होता.

याच मधल्या काळांत जुहूच्या सपाट भूमीचा आणखी एक उपयोग झाला. १९२८ मध्यें तेथें नागरी विमानतळ सुरू झाला. तो देशांतील पहिला समजला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन लहानशा विमानांतून येथें उतरले आणि भारतीय विमानवाहतुकीचा पाया घातला गेला. पावसाळ्यांत मात्र जुहूचा तळ पाण्यानें भरून जाई आणि विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. ज्या दांड्यावर जमशेटजींचें नगर वसलें नाहीं, त्याच दांड्यावर त्याच घराण्यांतील पुरुषानें आकाशाची वाट उघडावी, हा एक योगायोग. आणि आपण मुळांत खाजण आहों, याची आठवण दर आषाढांत त्या भूमीनें करून द्यावी, हा तिचा स्वभाव.

परंतु जुहूला खरें रूप दिलें तें ना बंगल्यांनीं, ना विमानांनीं. तें दिलें विजेच्या आगगाडीनें. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. गिरगांवच्या चाळींत दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला आतां दुपारीं निघून रात्रीं जेवणास घरीं परतणें सोपें झालें. स्टेशनावर उतरावें, पुढें टांग्यानें किंवा पायीं जावें, घरून आणलेल्या पुऱ्या वाळूवर सोडाव्या, मुलांच्या खिशांतून शिंपले घरीं न्यावे, असा हा बेताच्या खर्चाचा सोहळा होता. मुलुंड-घाटकोपरच्या लोकांना मात्र दादरला गाडी बदलून उलट यावें लागे. समुद्र सरळ रेषेंत जवळ, पण वाटेनें दूर! पांचशें भूखंडांच्या नगरास जें जमलें नसतें तें तिकिटाच्या कपट्यानें केलें. त्यानें समुद्राच्या दारांत उभें राहण्याचा हक्क ऐपतीवर न ठेवतां वेळेवर ठेवला.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास वेगानें घडला. १९५० मध्यें जोगेश्वरीपर्यंतचीं आणि १९५७ मध्यें दहिसर व मुलुंडपर्यंतचीं उपनगरें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. जुहू व विलेपार्ले यांच्यामधील भूमीवर सहकारी गृहसंस्थांच्या वसाहती झाल्या. किनाऱ्याला लागून हॉटेलें उठलीं. चित्रपटसृष्टींतील मंडळींनीं घरें केलीं. १९७८ मध्यें पृथ्वी थिएटर उघडलें आणि नाटकासाठीं जुहूस जाण्याची नवी रीत पडली. गणेशविसर्जनास लाखों लोक या वाळूवर जमूं लागले. खाडीपलीकडे मढ, आक्सा, मार्वे, मनोरी, गोराई येथेंहि सहली जाऊं लागल्या. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यांत असल्यामुळें तो बाहेरूनच पाहावा लागतो. आक्साची पुळण रमणीय असली तरी तेथील पाणी दगा देणारें आहे. कित्येक तरुणांनीं तेथें प्राण गमावले आहेत. कोळ्याला जें भय ठाऊक होतें तें हवा खावयास येणारास ठाऊक नसतें, एवढाच याचा अर्थ. समुद्र करमणुकीचा झाला म्हणून तो समुद्र असण्याचें सोडीत नाहीं.

आणि येथेंच सर्वांच्या मालकीची दुसरी बाजू दिसूं लागली. जें सर्वांचें, त्याची झाडलोट कोणीं करावयाची? वाढत्या वस्तीचें सांडपाणी नाल्यांतून समुद्रांत गेलें. खाडींतील तिवरें भरावाखालीं गेलीं. भरतीबरोबर प्लास्टिकचा कचरा परत येऊं लागला. कोळ्यांच्या जाळ्यांत मासळीबरोबर पिशव्या येऊं लागल्या. म्हणजे शहरानें टाकलेलें ओझें प्रथम त्यांच्या हातांत आलें, ज्यांचें तें शेत होतें. बांधकामें पाण्याच्या जवळजवळ सरकत होतीं. १९८१ मध्यें पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं किनाऱ्याच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पांचशें मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामांपासून मुक्त ठेवण्याविषयीं कळविलें. त्यांतूनच पुढें १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा-नियमन अधिसूचना निघाली. ती अनेकदां बदलली, सैलहि झाली. परंतु भरतीची रेषा ही केवळ महसुलाची नव्हे तर जपणुकीचीहि सीमा होय, हें तत्त्व तिनें प्रथम कायद्यांत लिहिलें.

कायद्यानें झाडू हातीं घेतला जात नाहीं. तो हातीं घेतला गेला वेसाव्यास. १९१५ मध्यें नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९१५ च्या शतकमहोत्सवासारख्या कोणत्याहि सोहळ्याच्या निमित्तावांचून, २०१५ च्या ऑक्टोबरांत अफरोझ शहा या वकिलानें आपल्या एका वयोवृद्ध शेजाऱ्याबरोबर वेसाव्याच्या पुळणीवरील कचरा उचलण्यास आरंभ केला. आठवड्यामागून आठवडे तें काम चाललें. कोळीवाड्यांतील लोक, विद्यार्थी, गृहिणी त्यांत मिळत गेलीं. पुढल्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें त्याची दखल घेऊन शहा यांचा गौरव केला. परंतु खरी पावती २०१८ च्या मार्चमध्यें मिळाली. ऑलिव्ह रिडले जातीच्या कांसवांचीं पिल्लें त्या वाळूंतून बाहेर पडून समुद्राकडे सरकतांना लोकांनीं पाहिलीं. तसें दृश्य तेथें कित्येक वर्षांत दिसलें नव्हतें. किनाऱ्याच्या मालकीविषयीं मनुष्यांत पुष्कळ वाद झाले. कांसवानें आपला दावा पुराव्यासह मांडला.

२०१४ च्या जूनमध्यें घाटकोपर ते वेसावें ही सुमारें अकरा किलोमीटरची मेट्रो सुरू झाली. साष्टीचीं दोन तोंडें प्रथमच अशा सरळ वाटेनें जोडलीं गेलीं. मिठागरांच्या बाजूस राहणाऱ्या कुटुंबाला आतां दादरचा फेरा घ्यावा लागत नाहीं. मात्र मेट्रोचें ‘वर्सोवा’ स्टेशन समुद्रावर नाहीं. तें सात बंगल्याशीं थांबतें, आणि पुढची वाट रिक्षानें किंवा पायीं काढावी लागते. ती वाट थेट गेली तर कोळीवाड्यापाशीं पोंचते. तेथें सायंकाळीं हवा खावयास आलेलीं कुटुंबें परत निघतात, त्या वेळीं भरतीचा अंदाज घेऊन होड्यांवर बर्फ आणि डिझेल चढत असतें. एकाच वाळूवर एकाचा दिवस संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो.

जमशेटजींच्या नगरांत पांचशें घरमालक असते आणि किनारा नीट राखण्याची जबाबदारी त्या पांचशें जणांवर असती. तें नगर वसलें नाहीं, म्हणून ती जबाबदारी टळली नाहीं. ती वाळूवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकावर आली, एवढेंच. भेळेचा कागद मुठींत धरून तो टोपलीपर्यंत नेणारें मूल हें त्या न वसलेल्या नगरांतील नागरिकच होय. आणि त्याचा भूखंड कोणत्याहि नकाशांत दाखविलेला नसला, तरी तो भरतीच्या रेषेखालीं त्याच्यासाठीं मोकळा आहे.